बुद्धिबळ, फुरसत आणि अभ्यास

बुद्धिबळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, हा समज आपल्या समाजात फार जुना आहे. घरचा कर्ता माणूस पटावर बसला की ताटातली भाकरी थंड होते, दुकानदार बसला की गिऱ्हाईक परत जाते आणि सरदार बसले की राज्य बुडते, असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रेमचंदांनी 1924 साली ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा लिहिली, ती याच समजाचा आधार घेऊन. अवधचे राज्य 1856 साली इंग्रजांच्या घशात जात आहे, आणि लखनौचे दोन सरदार मात्र पट मांडून बसले आहेत. अखेर राज्यासाठी नव्हे, तर डावातल्या भांडणापायी ते एकमेकांवर तलवार उपसतात. कथा मोठी मार्मिक आहे; पण तिच्यामुळे या खेळाची बदनामी व्हायची ती झालीच.

याच्या अगदी उलट असा दुसराही एक समज आहे. बुद्धिबळ हे जन्मतःच बुद्धिमान असलेल्यांचे काम. ते येरागबाळ्याला साधायचे नाही, असे तो सांगतो. गंमत अशी की, हे दोन्ही समज एकमेकांच्या विरुद्ध असूनही त्यांचा परिणाम एकच होतो. मजूर, कारकून, हमाल, रेल्वेचा खलाशी हे सारे पटापासून दूर राहतात. पहिला समज म्हणतो, तुला हे परवडायचे नाही. दुसरा म्हणतो, तुला हे जमायचे नाही.

आमचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. वाचनालय आणि कामगार संघाची कचेरी हीच आमची पाठशाळा. त्या पाठशाळेत बुद्धिबळाचा इतिहास जेवढा वाचायला मिळाला, त्यावरून आम्हांला असे वाटू लागले की, हे दोन्ही समज खोटे आहेत. हा खेळ नियमित अभ्यासाने वाढतो. अभ्यासाला ठरलेला, आपल्या हक्काचा वेळ लागतो. आणि हा वेळ सर्वांना सारखा वाटून मिळालेला नाही; तो कोणाला वारशाने मिळाला, कोणाला धन्याच्या मर्जीने मिळाला, तर कोणाला भांडून मिळवावा लागला. बुद्धिबळाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने फुरसतीचा इतिहास आहे. पुलगावासारख्या, गिरणीच्या भोंग्यावर पिढ्या वाढलेल्या गावात तरी तो या अंगाने सांगितला पाहिजे.

आपल्याकडील जुना खेळ प्रथम पाहू. देशी रीतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह लागलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येई. त्यामुळे फौजा हळूहळू समोरासमोर येत आणि डाव बैठकीचा होई. अशी बैठक ज्यांना परवडे त्यांच्याच वाड्यांत हा खेळ बहरला. परंतु त्या काळातही जाणत्यांना अभ्यासाचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरचा ग्रंथ रचला. 1814 साली मुंबईत त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. या ग्रंथात मोहऱ्यांची स्तुती किंवा राजदरबारच्या गोष्टी नाहीत. त्यात प्रामुख्याने आहेत ते मांडून दाखविलेले पेच, अमुक खेळ्यांत मात करा म्हणून सोडवायला दिलेले. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि त्याच्या स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा, हा त्याचा उघड हेतू. म्हणजे पेशवाई मावळत असताना एक शास्त्री आपल्याला सांगत होता की, हा खेळ तालमीने येतो. तालमीत जोर-बैठका असतात, तसे पटावर हे पेच.

पुढे छापखाने आले आणि ही विद्या संस्कृतातून मराठीत उतरली. 1893 साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे ‘मराठी बुद्धिबळांचा खेळ’ हे पुस्तक निघाले. आता ज्याला मराठी वाचता येते त्याला, निदान तत्त्वतः, हा अभ्यास खुला झाला. पण तत्त्वतः खुले असणे आणि प्रत्यक्ष हाती लागणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर किती होते, हे त्याच दहा-बारा वर्षांतल्या दुसऱ्या एका हकिगतीवरून कळते.

1883 साली लंडनच्या मोठ्या स्पर्धेत पटाशेजारी प्रथमच जोडघड्याळ ठेवले गेले. एकाचे चालू झाले की दुसऱ्याचे थांबे. त्यापूर्वी एकेका खेळीवर तासन्‌तास बसून प्रतिपक्षाला नुसते कंटाळवून जिंकणारे महाभाग होते. त्यांचा धंदा घड्याळाने बंद केला. राव असो की रंक, दोघांनाही मिनिटे सारखीच. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1884 च्या सप्टेंबरात, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. कामगारांच्या मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे आणि पगार वेळेवर मिळावा. दुपारचा अर्धा तास! लंडनमध्ये खेळाडूंना सारखी मिनिटे वाटून दिली जात असताना मुंबईचा कामगार भाकरी खाण्यापुरती मिनिटे मागत होता. गिरणीचे घड्याळ एकाच बाजूचे असते. ते धन्याच्या भिंतीवर लागते आणि मजुरावर चालते.

या मागणीला सहा वर्षे लागली. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढची वाटचाल कायद्यांत लिहिलेली आहे. 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला प्रथम 12 तासांची मर्यादा पडली. 1922 साली ती 11 तासांवर आली. 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत 10 तास आणि आठवड्याला 54 तास झाले. 1946 च्या दुरुस्तीने 9 तास आणि आठवड्याला 48 तास, आणि 1948 च्या कारखाने कायद्याने तेच कायम केले. म्हणजे 12 तासांचे 9 व्हायला 35 वर्षे लागली. यातला प्रत्येक तास संप, सभा, तुरुंग आणि उपासमार यांची किंमत मोजून आला आहे. ज्या माणसाच्या दिवसात 12 तास गिरणीचे, दोन तास जाण्यायेण्याचे आणि उरलेले झोपेचे, त्याला ‘अभ्यास कर, वजीर हो’ असे सांगणे ही निव्वळ थट्टा होती.

फुरसत आपली नसली तर अंगच्या गुणाचेही काय होते, याचे उदाहरण म्हणून मीर सुलतान खान यांचे चरित्र पाहावे. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने वाढला. देशी रीतीत तयार झालेल्या या माणसाने 1928 साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, धन्याबरोबर विलायतेला जाऊन परकी रीत आत्मसात केली आणि 1929, 1932 व 1933 अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी कॅपाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरविले. पण 1933 च्या अखेरीस धनी हिंदुस्थानात परतले, आणि खेळाडूही परतला. 1935 साली आपले मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. त्यातला एकच डाव बरोबरीत सुटला, बाकीचे सारे सुलतान खान यांनी जिंकले. यानंतर मोठ्या स्पर्धांतून ते दिसलेच नाहीत. 1966 साली ते वारले आणि जागतिक संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा किताब सन्मानपूर्वक दिला तो 2024 साली. गुण होता, कष्ट होते, कीर्तीही मिळाली. पण आश्रय सरला तसा पटही मिटला. आश्रयाने खेळाडू निपजतो खरा, पण खेळाची परंपरा निपजत नाही.

परंपरा कशी निपजते, याचे दुसरे टोक त्याच सुमारास युरोपात दिसू लागले होते. जर्मनीत 1912 साली कामगारांचा स्वतःचा बुद्धिबळ संघ निघाला. दिवसभर यंत्रावर राबणारी माणसे संध्याकाळी संघाच्या खोलीत पट मांडीत, वर्गणी काढून पुस्तके घेत, आपापसांत स्पर्धा लावीत. 1933 साली नाझींनी कामगारांच्या इतर संस्थांबरोबर हा संघही मोडून काढला. जुलमी सत्तेला कामगाराची फुरसतही धोक्याची वाटते, हे यावरून ध्यानात यावे. रशियात क्रांतीनंतर सरकारनेच हा खेळ कारखान्यांच्या मंडळांतून पसरविला आणि 1925 साली मॉस्कोत सरकारी खर्चाने आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली. त्या राजवटीचे दोष आम्ही जाणतो. माणसांना शिस्त लावण्याच्या नावाखाली तिने माणसेही चिरडली. परंतु तिथल्या मंडळांतून जे खेळाडू घडले त्यांची अभ्यासाची रीत मात्र शिकण्याजोगी आहे.

मिखाईल बोट्विनिक हे त्यातले मुख्य नाव. हा गृहस्थ पेशाने वीज-अभियंता. बाराव्या वर्षी खेळ शिकला. 1948 साली जगज्जेता झाला आणि दोनदा पद गमावून दोनदा परत मिळवून 1963 पर्यंत ते सांभाळले. त्याची रीत काय होती? खेळलेल्या प्रत्येक डावाची चिकित्सा तो स्वतः लेखी करी आणि ती छापून लोकांपुढे टाकी, म्हणजे चूक राहिली तर दुसऱ्याने दाखवावी. सिगारेटच्या धुराचा आपल्याला त्रास होतो असे लक्षात आल्यावर त्याने धूम्रपान करणाऱ्या मित्राला समोर बसवून सरावाचे डाव खेळले. गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून रेडिओ लावून खेळला. आपले दुबळे अंग हेरून त्यालाच रोज थोडा व्यायाम द्यायचा, हे त्याचे सूत्र. आणि हे सारे नोकरी, संशोधन सांभाळून. पुढे कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्राम्निक हे तिघेही जगज्जेते त्याच्या शिकवणीतून गेले. एकाची शिस्त अशी तिघांची झाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. स्वातंत्र्यानंतर 1951 साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि 1955 साली आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिचे अजिंक्यपद दोघांत विभागून गेले. त्यांतले एक डी. वेंकय्या आणि दुसरे आपले रामचंद्र सप्रे. राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीतली पहिलीच ओळ अशी अर्धी मराठी आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालविले, वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या आणि देशभरचे खेळाडू त्या गावात आणले. सांगली काही मुंबई-कलकत्त्याएवढी मोठी नव्हे. पण एक माणूस एका जागी ठाण मांडून बसला, ठरल्या वेळी दार उघडले, ठरल्या वेळी स्पर्धा लागली, आणि गाव बुद्धिबळाचे म्हणून ओळखले जाऊ लागले. संस्था चालविणारे जाणतात की, यात बुद्धीपेक्षा नेमाचा भाग मोठा असतो.

मग मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे पर्व आले. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तिघी कन्या. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, पुढच्या वर्षीची जयश्रीने आणि त्यापुढच्या वर्षीची रोहिणीने. पहिली दहा वर्षे हे पद या एका घराबाहेर गेलेच नाही. तिघींना एकाच वेळी जन्मजात प्रतिभा लाभली असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू की, तिघींना एकच पट आणि रोजची सोबत लाभली. ज्या घरात पट रोज मांडला जातो तिथे प्रतिभेला राहायला जागा मिळते.

पण यातही हक्काचा प्रश्न आलाच. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, आणि मुलीने पुरुषांत खेळावे काय, यावरून रण माजले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. माजी जगज्जेते आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीही निर्वाळा दिला की, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. 1981 साली हीच रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. हक्क नसता तर अभ्यास दाराबाहेर उभा राहिला असता, आणि अभ्यास नसता तर मिळालेला हक्क नुसता कागदावर राहिला असता.

आणि ताजे उदाहरण तर आपल्या दारचे आहे. पुलगावहून गाडीत बसले की वर्धा आणि त्यापुढे नागपूर. त्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकात उतरली तेव्हा मानांकनात ती पंधरावी होती. अंतिम सामन्यात तिच्यापुढे होत्या कोनेरू हंपी, तिच्या जन्माच्या तीन वर्षे आधीच ग्रँडमास्टर झालेल्या. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. 28 जुलैला जलद डावांत दिव्या जिंकली, आणि त्या विजयाबरोबरच भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा तिचे वय 19 वर्षांचे होते. जलद डावात घड्याळ टिकटिकत असताना विचार करायला सवड नसते. तिथे हात चालतो तो मागच्या दहा-बारा वर्षांत रोज घासलेल्या सरावाच्या बळावर. विश्वचषक तीन आठवड्यांत जिंकता येतो. तो हात तीन आठवड्यांत घडत नाही.

यावर कोणी विचारील की, आमच्या मुलाला काही जगज्जेता व्हायचे नाही. मग हा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, कामगाराला शिस्त नवी नाही. भोंगा झाला की तो उठतो, पाळी चुकवीत नाही, खाडा पडला तर पगारातून जाणार हे जाणतो. पण ही सारी शिस्त बाहेरून लादलेली. भोंगा बंद पडला, गिरणीला टाळे लागले, माणूस निवृत्त झाला की, ती शिस्त एका दिवसात गळून पडते आणि धडधाकट माणूस पारावर बसून दिवस मोजू लागतो. गिरण्यांच्या गावांतून हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. स्वतःच स्वतःचा भोंगा व्हायचे, स्वतःचा हजेरीपट स्वतः भरायचा, हे ज्याला साधले तोच खरा स्वतंत्र. बुद्धिबळ ही त्या शिक्षणाची स्वस्त शाळा आहे. एक पट, बत्तीस मोहरी आणि एक वही एवढाच तिचा खर्च.

या शाळेचे नियमही साधे आहेत. रोज अर्धा तास. रविवारी पाच तास आणि बाकी सहा दिवस खाडा असे नव्हे. रोजचा अर्धा तास धरला तर वर्षाचे 180 तासांहून अधिक होतात, आणि त्यातला आजचा तास कालच्यावर उभा राहतो. प्रत्येक डाव वहीत उतरवावा आणि हरलेला डाव आधी तपासावा. जिंकलेला डाव माणसाला खुशामत्यासारखा फसवितो. कॅपाब्लांकाने शिकविल्याप्रमाणे प्रथम डावाचा शेवट शिकावा. राजा आणि एका प्याद्यानिशी जिंकता येऊ लागले म्हणजे भरल्या पटावरही कुठे जायचे ते कळते. आणि हात लावलेले मोहरे चालविलेच पाहिजे, हा नियम मित्राशी खेळतानाही मोडू नये. ‘चुकून हात लागला, परत घेऊ का?’ असे विचारण्याची सवय एकदा लागली की ती पटापुरती राहत नाही. शब्द दिला तो पाळायचा, हे ज्या संघटनेच्या माणसांना कळते तिचा संप फुटत नाही. पटावरचा हा नियम त्याच जातीचा आहे.

आज एक नवेच संकट उभे आहे. पूर्वी फुरसत धनी घेत असे. आता ती खिशातला मोबाईल घेतो. त्यावर बुद्धिबळही आहे, आणि घरबसल्या जगातल्या कोणाशीही डाव मांडता येतो, ही मोठीच सोय. परंतु रात्री बारापर्यंत तीन-तीन मिनिटांचे चाळीस डाव खेळणे म्हणजे अभ्यास नव्हे. ती नुसती पत्त्यांची पिसणी झाली. 1997 साली यंत्राने कास्पारोव्हला हरविले, आणि आज हातातले यंत्रही आपल्याला बिनचूक खेळी दाखविते. दाखविलेली खेळी पाहणे आणि आपण शोधलेली खेळी खेळणे यांत, दुसऱ्याला जेवताना पाहणे आणि स्वतः जेवणे एवढा फरक आहे. आधी स्वतः डोके लढवावे, वहीत लिहावे, मग यंत्राला विचारावे.

पुलगाव हे नावच वर्धा नदीवरच्या पुलावरून पडले, असे जुने लोक सांगतात. पूल एका रात्रीत उभा राहत नाही. एकेक दगड मोजून बसवावा लागतो. आमची सूचना एवढीच आहे की, गावात जिथे जिथे वाचनालय, संघाची कचेरी, मंडळाची खोली किंवा शाळेचा व्हरांडा आहे तिथे संध्याकाळी ठरल्या वेळी दोन पट मांडले जावेत आणि शेजारी एक वही ठेवावी. आधीच्या पिढ्यांनी बारा तासांचे नऊ केले. त्यांनी मिळवून दिलेल्या त्या तीन तासांपैकी अर्ध्या तासाचा तरी हिशेब आपण रोज त्या वहीत लिहून ठेवू या.